शकूबाईच्या इंजनाची चाकं कोणाले विचारून चिकटवली?

मंडळी, आज डोकं तापलं आहे, म्हणून लिहून राह्यलो.

मी चंद्रपुरात खेळण्यातली रेल्वे इंजनं दुरुस्त करतो. सकाळी माजरीच्या शकूबाई आल्या, वय पंच्याहत्तर. चार वर्षांच्या असताना पाय मोडून त्या अंथरुणावर होत्या, तेव्हा खाणीत फिटर असलेल्या वडिलांनी त्यांच्यासाठी चावीचं पितळी इंजन घडवलं. ते त्यांनी एका प्रदर्शनाला विश्वासानं दिलं होतं. परत आलं तेव्हा चाकं सुपरग्लूनं घट्ट चिकटलेली आणि वर सोनेरी रंग फासलेला.

मी आयोजकाला फोन लावला.

"शोपीसच तर आहे. पोरं हात लावतात म्हणून चिकटवलं," तो म्हणाला.

"बाईले विचारलं होतं?"

"त्यात काय विचाराचं?"

दुपारभर थेंब थेंब ॲसिटोन टाकून चाकं सोडवली. आतल्या दातेरी चाकांतला रंग खरवडला, तेल दिलं, चाकांचा वाकडा आस सरळ केला. चावी दिल्यावर इंजन टेबलावरून सरळ, समोर बसून राह्यलेल्या शकूबाईंच्या हातात गेलं.

"बाकीचा रंगही काढून देतो," मी म्हणालो.

"राहू दे भाऊ. मले ते चालताना पाहाचं होतं."

त्या शांतपणे घरी गेल्या. माझा राग काही जात नाई. एक फोन करून विचारणं एवढं जड होतं काय?