कावळ्याला सांगितलेला सिनेमा

मी एकदा कावळ्याला सिनेमा सांगितला. अख्खा नाही, नुसता शेवट. गोदावरीच्या काठावर, गावभर माणसांसमोर, पदर सावरत आणि हातवारे करत. निमित्त माझ्या सासूचा दहावा. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि माझी अक्कल माझ्याहून पाचसात वर्षांनी धाकटी होती.

सिनेमा तंबूतला, राहात्याच्या बाजाराला आलेला. एका टांगेवाल्याचा घोडा पूर्वी वरातीत चालायचा, म्हणून मांडव दिसला की तिथंच थांबायचा. चाबूक ओढा, पाया पडा, हलायचा नाही. मग टांगेवाला खाली उतरून म्हणायचा, "मी मुलाचा मामा!" आणि खुशाल पंगतीला बसायचा. एवढंच. श्रीरामपूरला आजोळी असताना मी तो दोनदा पाहिला होता. लग्नानंतर आत्याबाईंना, म्हणजे सासूला, गळ घालून तिसऱ्यांदा पाहिला. पुढं शहाणे सिनेमे पुष्कळ पाहिले, पण त्या घोड्याच्या तोडीचा नट काही पाहिला नाही.

शेवटचं रीळ लागलं आणि सासऱ्यांनी बाहेर गाडी जुंपून हाक मारली. आत्याबाई मुकाट्यानं उठल्या. तेव्हापासून दळताना, निवडताना त्यांचं एकच.

"सांग की गं, घोडा शेवटी कुठं थांबला?"

मला केवढा रुबाब चढला! त्या घरात मला एकटीला ठाऊक असलेली ती एकच गोष्ट. "परत तंबू आला की बघा," म्हणायचे आणि खिदळायचे. तंबू काही आला नाही. ताप आला. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

मला रडू आलं नाही. दहा दिवस भाकरी थापल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं. बायका गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून दूध उतू जातंय का ते बघायचे.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले. गेलेल्याची इच्छा मागं राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द देऊ लागला.

"धाकटीचं लगीन थाटात करू."

"तुझी गाय इकनार न्हाई, वैनी."

कावळे बसलेलेच. ऊन चढलं, पोरं भुकेनं रडायला लागली. इच्छा कुठली राहिली ते मला एकटीला ठाऊक होतं. माझ्यापायी त्यांचा जीव अडकला होता. मी पुढं झाले.

"आत्याबाई, घोडा टांगेवाल्याच्याच दारात थांबला. आईनं त्याचंच लगीन ठरवून मांडव घातला हुता. आन् ह्यो मेला खाली उतरून आपल्याच आईला म्हनतो, मी मुलाचा मामा!"

आणि मला हसू आलं. मला एकटीलाच. नवऱ्यानं मान खाली घातली. चुलतसासू म्हणाली, "आगं, येड लागलं का काय हिला!" कावळा जागचा हलला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं जेवायला उठली.

परतताना सासरे गाडी हाकत होते, मी मागं बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, लाजसुद्धा नाही. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. जित्या हुत्या तवाच सांगाया पायजे हुतं."

त्यांनी कासरा सैल सोडला. मग बैलांकडं बघतच म्हणाले,

"तिला ठावं हुतं, पोरी. तुमाला गाडीत बसवून मी मागं फिरलो न्हाई का, तवा तंबूच्या फटीतनं शेवट बघून आलो हुतो. घरी आल्या आल्या तिला सांगितला. तरी बी तुलाच इचारायची. म्हनायची, पोरगी माहेराची आठवन काढून गप बसती, घोड्याचं इचारलं की तेवढी हसती."