नाकातलं तेल

दोन महिन्यांच्या माझ्या जुळ्या नातवंडांचे ओठ निळे पडले होते आणि सांगलीच्या दवाखान्यातली शिकाऊ डॉक्टरीण मला तिसऱ्यांदा विचारत होती, "आजी, बाळांच्या नाकात तेल घातलं होतं का?"

"न्हाई म्हटलं की. तुला सोताला किती लेकरं हायत गं?"

सून माझ्याकडे बघून बाळांची दुपटी सारखी करू लागली. आटपाडीला मी माझ्या चारही लेकरांच्या नाकात अंघोळीनंतर तेल सोडलं होतं आणि या दोघांच्याही सोडत होते. लहान मुलांची डॉक्टरकी अजून शिकणाऱ्या पोरीनं मला चुकीचं ठरवावं, हे मला सोसलं नाही.

तिनं कागदावर 'नाही' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी छातीचे फोटो बघून तिला सगळ्यांसमोर झापलं. "तेल गेलंय आत. साधं आजीला विचारता येत नाही?" ती मान खाली घालून उभी राहिली. माझं नाव तिनं घेतलं नाही.

मग मीच म्हणाले, "तिनं इचारलं हुतं. मी खोटं बोलले."

आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी कुणाला विचारलं नाही. नात वाचली. नातू गेला.