मूळ इकडे, कोहळा तिकडे

चंद्रभागाबाईंना कशाचीच कमी नव्हती, आणि हीच तर सारी पंचाईत होती.

तुमसरात दुमजली घर, दारात पांढरी गाडी, घरात गुणी मुलगा आणि त्याहून गुणी सून. कोहळ्याच्या वड्यांचा त्यांचा धंदा असा फोफावला होता, की नागपूरच्या दुकानांत प्रत्येक पाकिटावर बाईंचा हसरा फोटो दिसायचा. ते हसू फोटोवाल्याने हातापाया पडून काढून घेतलं होतं, ही गोष्ट वेगळी. सत्काराच्या शाली तर इतक्या जमल्या, की सून रीताने हिवाळ्यात त्या कूलर झाकायला काढल्या.

आणि एवढं सगळं असून बाईंना घास गोड लागेना. सोफ्यावर बसून सुस्कारे टाकायच्या.

"आई, काय कमी आहे तुले?" मुलगा निकेश विचारायचा.

"तेच तर मालूम नाही न बाप्पा!"

निकेशने त्यांना नागपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. रक्त, लघवी, छाती, डोकं, सगळं तपासलं आणि सगळंच ठणठणीत निघालं. बाईंना त्याचाही राग आला. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. मग निकेशने त्यांना सकाळच्या हास्यमंडळात घातलं. बागेत चांगली शहाणीसुरती माणसं हात वर करून खो-खो हसताना पाहून बाईंनी पदर खोचला आणि ओरडल्या, "कोणाले हासून राहिले रे मेल्याहो?" मंडळाने दुसऱ्याच दिवशी निकेशला फोन करून सांगितलं, की आईंना घरीच हसू द्या.

आता खरं दुखणं काय ते ऐका. बाईंच्या आयुष्यात भांडण उरलं नव्हतं!

रीता सगळ्याला "हो आई" म्हणायची. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं, तरी "हो आई." कमी झालं म्हटलं, तरी "हो आई." एकदा मीठ बरोब्बर होतं, तरी बाईंनी मुद्दाम तोंड वाकडं केलं, तर पोरगी "सॉरी आई" म्हणून मोकळी. अशा सुनेचं करायचं काय, तुम्हीच सांगा! शेजारी बँकेतली एक मॅडम राहायची. बाईंनी आपल्या अंगणातला सगळा पाचोळा तिच्या फाटकासमोर लोटून पाहिला. मॅडम बाहेर आली आणि म्हणाली, "अय्या काकू, आमच्याच झाडाचा असेल हो, मी उचलते." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

गावी, नाकाडोंगरीला असताना असं नव्हतं. तिथे कुपाटीपलीकडे पुष्पाबाई होती.

कुपाटी म्हणजे दोन अंगणांमधलं काट्यांचं कुंपण. चंद्रभागाबाई दरवर्षी आपल्या अंगणात कोहळ्याचं बी लावायच्या. पण वेलीला ऊन पाहिजे, आणि ऊन पडायचं पुष्पाबाईच्या छपरावर. मग वेल कुपाटी ओलांडून पुष्पाबाईच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, चढायची आणि तिकडेच लेकुरवाळी व्हायची. आता बोला! मूळ इकडे, कोहळा तिकडे. मग कोहळा कोणाचा?

"माही गाय तुह्या दारात व्याली, म्हणून वासरू तुह्यं होते काय वो?" चंद्रभागाबाई विचारायच्या.

"अन् माह्ये कवेलू फुटले, ते कोण भरून देईन? तुह्या माहेरचे?" पुष्पाबाई छपराखालून गरजायची.

तीस वर्षं हा खटला चालला. सरपंच थकले. जंगलखात्याचा एक गार्ड नुसता पाणी प्यायला थांबला होता, त्यालाही दोघींनी निकाल द्यायला बसवलं. तो माणूस पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. शेवटी दर हिवाळ्यात कोहळे मधोमध चिरले जायचे आणि शिव्याशाप देत अर्धे-अर्धे वाटले जायचे. मग दोघी ईर्ष्येने वड्या घालायच्या. पुष्पीपेक्षा आपली वडी हलकी झाली पाहिजे, एवढ्या एकाच हट्टापायी चंद्रभागाबाईंचा हात असा बसला, की पुढे धंदा झाला, घर झालं, गाडी झाली. नागपूरकरांना वाटतं, वडीत मसाला चांगला आहे. वडीत सगळी पुष्पाबाई होती!

तीन वर्षांपूर्वी गाव सोडताना बाई गाडीत बसता बसता बोलून गेल्या होत्या, "सुटली एकदाची! तुह्यं तोंड नाही पाहीन आता."

"मीच कायले दाखवू?" पुष्पाबाईने धाडकन दार लावलं होतं. तेव्हापासून दोघींनी आपापला शब्द पाळला.

आणि या मार्गशीर्षात निकेश म्हणाला, "आई, गावच्या घराले गिऱ्हाईक आलं. देऊन टाकू. तू फक्त सही कर."

"एकदा पाहून येऊ दे," बाई म्हणाल्या आणि निकेशला घेऊन निघाल्या. गाडीत त्यांचे ओठ सारखे हलत होते. निकेशला वाटलं, आई जप करून राहिली. कसला जप! तीन वर्षांचं साठलेलं बोलणं बाई क्रमाने लावत होत्या.

गाडी थांबली. पुष्पाबाई दारातच उभी होती. चंद्रभागाबाईंनी घसा खाकरला, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत पुष्पाबाईने पदराने खुर्ची पुसली.

"या, बसा बाईसाहेब. चहा बिनसाखरेचा घेत असान न तुम्ही?"

तुम्ही! बाईंना कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. बशीसकट कप आला, बिस्किटं आली.

"चहा पानचट झाला," बाईंनी सुरुवात करून पाहिली.

"हो जी. तुमच्याइकडे दूध चांगलं भेटत असन."

"घर किती मळकं ठेवलं वो!"

"आमचं काय जी, गरिबाचं."

बाईंचे डोळे भरून आले. पाकिटावर फोटो आला आणि आपण भांडायच्याही लायकीच्या राहिलो नाही! विकून टाकावं घर, आता इथे आपलं कोण आहे? त्या उठल्या आणि डोळे पुसत स्वतःच्या अंगणाचं फाटक ढकलून आत शिरल्या.

अंगणात कमरेएवढं गवत माजलं होतं. फक्त कुपाटीजवळचा एक कोपरा लख्ख. तिथे शेणखत घातलेलं गोल आळं, बकऱ्यांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काट्या, आणि माती अजून ओली. आळ्यातून वेल निघाली होती, ती थेट पुष्पाबाईच्या कवेलूवर. वर पांढरेधोट कोहळे बसले होते. आणि कुपाटीला खाली एक भोक पाडलेलं होतं, एक म्हातारी लोटा घेऊन सरपटत येईल एवढं.

बाई बघतच राहिल्या. पुष्पीच्या अंगणात काय जागा नव्हती? पण तिथे लावलेला कोहळा नुसता तिचाच झाला असता. त्यात काय मजा!

बाईंनी पदर खोचला.

"पुष्पे! वो पुष्पे! माह्या आंगणात कोणाले इचारून बी लावलं वो?"

पलीकडे कपबशी आदळली. "लावीन! शंभर बार लावीन! तीन साल झाले, कोहळे वरच्या वर सडून राहिले!"

"मग तोडले काहून नाही?"

"कशी तोडू? अर्धे तुह्ये होते न! चोट्टी म्हणली असती तू मले!"

"मग बोलवाले येता नाही आलं तुले?"

"तूच म्हणली होती न, तोंड नाही पाहीन म्हणून!"

"मी म्हणली अन् तू ऐकली?" चंद्रभागाबाईंचा आवाज आता पार डोंगरापर्यंत गेला. "तीस साल माही एक गोष्ट नाही ऐकली तूनं, अन् हेच ऐकाले भेटलं तुले?"

गल्ली गोळा झाली. लोकांनी बसायला खाटा काढल्या. निकेश धावत आला, तर आई लालबुंद, घामाघूम आणि कुपाटीला धरून हसत होती. फोटोवाल्याला जन्मात मिळालं नसतं असं हसू.

"आई, सही?"

"सांग त्याले, घर विकाऊ नाही. इथं मामला चालू आहे आमचा."

दुपारी कोहळा चिरला. पुष्पाबाईच्या हाताने चिरला, म्हणजे वाटे सारखे होणं शक्यच नव्हतं. छोटा वाटा चंद्रभागाबाईंकडे आला. त्यांनी तो वर धरून डोळे बारीक करून पाहिला आणि त्यांना कडकडून भूक लागली.

"उद्या येतो वो चोट्टे," पुष्पीच्याच ओसरीवर भाकरीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "मोठा वाटा न्यायले."

"ये तं खरी," पुष्पाबाईने त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.