विमान न थांबता, जीप थांबत थांबत

कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से विचारू नयेत. बाकी सगळ्याची टंचाई असते, किस्स्यांची नसते. लातूर जिल्हा नवा, कचेरी नवी, खुर्च्या अजून यायच्या होत्या. दुष्काळ मात्र वेळेवर हजर झाला! त्याच हिवाळ्यात अमेरिकेचं ते व्हॉयेजर विमान कुठंही न उतरता, वाटेत तेल न भरता पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं आणि आमच्या साहेबांना त्याचं वेड लागलं.

*

कुठला टँकर कुठं आहे ते कळावं म्हणून साहेबांच्या भिंतीवर नकाशा लावायचा होता. नव्या जिल्ह्याचा छापूनच आला नव्हता. साहेबांनी जगाचा लावला! रेडिओवर बातम्या ऐकायच्या आणि विमान पोचलं असेल तिथं एक टाचणी टोचायची.

विमान आफ्रिकेवर आहे हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं. त्याच आठवड्यात उदगीरला निघालेला टँकर हरवला. सापडला तो थेट नायगावला, एका लग्नात. जिल्हासुद्धा दुसरा!

साहेब म्हणाले, "आपल्या नकाशात नायगाव नाही, काय करणार?"

*

हेडक्लार्क अण्णांचा जन्म दौऱ्यांच्या डायऱ्या तपासण्यात गेलेला. त्यांना कसलंच कौतुक नाही.

"इतके दिवस बाहेर? मुख्यालय सोडायची परवानगी घेतली का?"

"अण्णा, ते वैमानिक जिथून निघाले तिथंच उतरणार आहेत," मी म्हटलं.

"मग दौरा झालाच कुठं?"

*

आमच्या जीपचे ड्रायव्हर गफूरभाई मूळचे नांदेडचे. त्यांना वेगळाच प्रश्न पडला.

"एवढं तेल एकदम मंजूर केलं कोन? आपल्याला जायचं देतेत, वापस यायचं देत न्हाईत!"

*

जळकोटकडच्या एका वाडीनं टँकर मागितला होता. पाणी खरंच नाही का, ते बघायला साहेब आणि मी निघालो. वाडीत शिरताना जीपचा रेडिएटर उकळला. गफूरभाई डबा घेऊन दारोदार फिरले. सगळ्यांनी नाही म्हटलं. सरूबाई कांबळे लांबच्या झऱ्यावरून घागर भरून नुकतीच आली होती. पाहुणे दारात अडकले म्हणून तिनं अर्धी घागर जीपला दिली.

परत आल्यावर साहेबांनी शेरा लिहिला: 'गावाने शासकीय वाहनास पाणी पुरविले, सबब टंचाई आढळून येत नाही.'

टाईप मीच केला. त्याची लाज मला अजून वाटते.

*

मागणी फेटाळल्याचा कागद घेऊन सरूबाई एसटीनं लातूरला आली.

"झरा बी आटला, सायब. टँकर न्हाई आला तर वाडी उठती बगा."

साहेबांनी फाईल उघडली. तिचं लक्ष नकाशाकडं गेलं.

"ह्या टाचन्या टँकरच्या हाईत का?"

"नाही बाई, विमानाच्या. न थांबता जगाला फेरी मारतंय."

"मंग आमच्याकडं इमानच पाठवा. टँकर तर निघतच न्हाई!"

साहेबांना हसू आलं. पुन्हा पाहणी करतो म्हणाले.

*

विमान सुखरूप उतरल्याची बातमी आली त्याच दिवशी आम्ही परत वाडीला गेलो. साहेब भलतेच खुशीत.

"नऊ दिवस! एकदासुद्धा थांबले नाहीत!"

एवढ्यात जीप थांबली. सरूबाईच्या दारात. बॉनेटमधून वाफ.

साहेबांचा घसा धुळीनं कोरडा पडला होता. "बाई, जरा पाणी..."

"पानी न्हाई, सायब."

"जीपला नको. मला प्यायला."

"न्हाई."

अख्खी वाडी दारात उभी होती. एकही जण जागचा हलला नाही. गफूरभाई आभाळाकडं बघायला लागले. साहेबांनी माझ्याकडून पॅड घेतलं, मांडीवर ठेवलं आणि लिहिलं: 'वाडीत पिण्यासही पाणी नाही. उद्यापासून टँकर सुरू करावा.' खाली सही, तारीख.

सरूबाईनं तो कागद मला वाचायला लावला. एकदा नाही, दोनदा. मग घडी घालून पदराच्या गाठीला बांधला, घरात गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली.

"घ्या सायब, प्या. सई झाली न्हवं?"