फाटकाबाहेरच्या आपा

आमच्या आपा कबरस्तानाच्या फाटकाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या. दफन आटोपून लोक परतू लागले, की त्यातला सर्वांत म्हातारा माणूस हेरून हाक मारायच्या, "चाचा, जरा थांबा. वखारवाल्या इब्राहिमची पहिली बायको आठवते का तुम्हाला?" नवखा माणूस दचकायचा. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले लोक मात्र मान हलवून पुढे जात.

ही पहिली बायको म्हणजे आपांची आई. आपांना जन्म देऊन आठवड्याभरात ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं आपांना मायेनं वाढवलं, म्हणून ती असेपर्यंत आपांनी पहिलीचा विषय घरात काढला नाही. ती गेली तेव्हा आपांनी साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगा इक्बाल कुवेतला. मग त्यांनी शोध सुरू केला. आईची कबर हवी होती, आणि त्याआधी तिचं नाव. वडील तिला कधी नावानं हाक मारत नसत, आजी 'दुल्हन' म्हणायची. आजोळ 'खाडीपलीकडचं', याहून जास्त कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांचा शेजारी. बायकांनी कबरस्तानात जायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून आत जायला त्यांनी मला धरलं. मी गवतातून फिरायचो आणि त्या फाटकातून ओरडायच्या, "भाऊ, चिंचेखालची बघ! दगड असेल तिथं." दगड होते, पण कोरे. बाकी सगळी माती. रखवालदारानं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, जागा कुठंय? जुनी कबर बसली की तिथंच नवीन खणतात. त्यांच्या अम्मीच्या जागेवर आतापर्यंत आणखी कुणी कुणी निजलं असेल."

हे मी आपांना सांगितलं नाही. "गवत फार माजलंय," एवढंच म्हणालो.

"मला माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "तरी तू बघ."

काझींकडचं निकाहाचं जुनं दप्तर गाढी नदीच्या पुरात भिजून लगदा झालेलं. सरकारी कचेरीत मृत्यूची नोंद मिळावी म्हणून आम्ही किती खेटे घातले. प्रत्येक वेळी टेबलामागे नवा माणूस. "मी बदलले नाही, हेच बदलतात," आपा हसून म्हणायच्या. अखेर एका बाईंनी नोंद शोधून काढली. मी मोठ्यानं वाचली, 'इब्राहिम याची बायको. बाळंतपणात मयत.'

"पुढे?" आपांनी विचारलं.

पुढे काही नव्हतं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "मेल्यावरसुद्धा नुसती बायकोच," त्या म्हणाल्या.

उरली उरणची फुफी, वडिलांची धाकटी बहीण. ऐंशीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. आम्ही एसटीनं गेलो. पहिल्या बायकोचा विषय निघताच म्हातारीचा चेहरा उजळला. "हाय ना लक्षात! हिरवी काकणं भरायची. माझ्या वेण्या घालायची. हसली की तोंडावर पदर धरायची."

आपा तिच्या गुडघ्यापर्यंत सरकल्या. "तिचं नाव काय होतं, फुफी?"

"आमी भाभी म्हनायचो. नाव कोन घेनार, बेटा? नाय ठावूक."

परतीच्या वाटेवर उलव्याच्या अर्धवट इमारती मागे पडत होत्या. आपा खिडकीबाहेर बघत होत्या. पनवेल आल्यावर एवढंच म्हणाल्या, "हसायची म्हणे."

त्यानंतर त्या फाटकाकडे फिरकल्या नाहीत. कुणी विचारलं तर "गुडघे दुखतात" म्हणायच्या. पुढच्याच वर्षी झोपेत गेल्या. इक्बाल कुवेतहून पोचेपर्यंत दफन थांबवलं होतं.

मीही माती द्यायला आत गेलो. माती देऊन झाल्यावर मौलवी कबरीच्या उशाशी बसले. कोकणी मुसलमानांत दफनानंतर मयताला शेवटची शिकवण देतात. तेव्हा मयताला आईच्या नावासकट हाक मारतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"मरहूमांच्या अम्मीचं नाव?" मौलवींनी विचारलं.

इक्बालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माहीत नसलं तर हव्वाचं घेतात," मौलवी हळू आवाजात म्हणाले. "आपण सगळी तिचीच लेकरं." आणि त्यांनी सुरुवात केली. ते अरबी मला कळत नव्हतं. फक्त दोन नावं ओळखू आली. जुबेदा, हे आपांचं. आणि हव्वा.