रापणीचा दोर

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार. रापणीला, म्हणजे काठावरून जाळं ओढायला, हजर: मामा, मामी, शेजारचे बाबलअण्णा, त्यांची सून, वाडीतले चौघे आणि सुट्टीला आलेली मी.

वादळ नुकतंच ओसरलं होतं. अशा वेळी मासा काठाजवळ येतो, म्हणून मामांनी होडीतून समुद्रात जाळं टाकलं आणि आम्ही वाळूत उभे राहून त्याचे दोन्ही दोर ओढू लागलो. दोराला ज्याचा हात लागेल त्याला वाटा, हा इथला जुना नियम. येणाराजाणाराही हात लावून मासळी घेऊन जायचा.

जाळं बांगड्यांनी गच्च भरलं आणि अर्ध्यावर अडलं. लाटा जोराच्या, हात थोडे. दोर तळव्यांतून मागे सरकू लागला.

"अजून ओढूया!" अण्णा ओरडले.

"जाळा फाटला तर उद्या काय ओढतलास? धोतर?" म्हणत मामा छातीभर पाण्यात शिरले आणि त्यांनी मासे साठलेल्या जाळ्याच्या खोळीची गाठ सोडून दिली. बघता बघता बांगडे निघून गेले.

"जल्मभर मासो धरलात, आज सोडूक शिकलात," मामी म्हणाली. मामा हसले नाहीत.

माणसं कमी झाली की वाटे मोठे व्हावेत, असा माझा हिशेब होता. तसं होत नाही. गाव सोडून गेलेले आपला वाटा मागायला येत नाहीत, तरी तो त्यांच्याबरोबरच जातो. मीही त्यांच्यातलीच.

माझी गाडी दुपारची आहे. ओलं जाळं अजून वाळूतच पडलंय. ते उचलून माडांखाली वाळत घालायचं राहिलंय, आणि त्यालाही माणसं लागतात.