लेथ गेला, चावी राहिली

कचेरीतला शिपाई बाळ्या दारात आला तेव्हा मी कुळीथ निवडत बसले होते. एरवी तो अंगणातूनच हाक मारी. त्या दिवशी उंबऱ्याशी येऊन नुसता उभा राहिला.

"वयनी, आप्पा खुर्चीतच कलंडले. डाक्तर आलाय. तुमी चला."

"शुद्धीवर आहेत ना?"

"तुमी चला ना… मी काय सांगू."

मी पदर सारखा केला, चपला घातल्या, आणि निघताना स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्यावरची चावी काढून कनवटीला लावली. घराची नव्हे. घराला कुलूप लावायचं मला सुचलंसुद्धा नाही. ती लेथच्या चकची चावी होती, इंग्रजी टी अक्षरासारखी, बोटभर लांब, लोखंडी. हात आपोआप तिकडे गेला. कचेरीत पोहोचले तेव्हा ह्यांना बाकावर निजवलं होतं आणि डॉक्टर हात पुसत होते.

महिना उलटून गेला. येणारे येऊन गेले. सगळे म्हणाले, आप्पा देवमाणूस होते. मी आतल्या दाराशी बसून मान हलवत होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, पहिल्यापासूनच नाही. पण मनात येत होतं की माणसाबद्दल तक्रार असली तर ती माणसापाशी करता येते, देवमाणसाबद्दलची कुठे करायची? म्हणून हे लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट नाही.

लढाई संपल्यावर मुंबईत जुनी यंत्रं विकायला निघाली होती, तेव्हा ह्यांनी लेथ आणला, लोखंड-पितळ फिरवून कातायचं यंत्र. पायाने चालवायचा, शिवणयंत्रासारखी खाली फळी आणि मोठं चाक. बंदरावरून बैलगाडीत घालून आणला, तेव्हा आळीतल्या बायका बघायला जमल्या. सासूबाई म्हणाल्या, "घरात उसाचा चरक कशाला आणलास रे?" शेजारची काशीताई मला कोपराने ढोसून म्हणाली, "सवत आली गं तुझी. चांगली वजनदार आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढे सवतीशी ह्यांच्यापेक्षा माझंच जास्त जमलं, ते काशीताईला कधी कळलं नाही.

ह्यांचा कचेरीतला हुद्दा कारकुनाचा, पण मन सगळं लोखंडात. संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला आणि हे मागच्या पडवीत. पाय मारून मारून पोटऱ्या दुखायला लागल्या, तेव्हा एकदा म्हणाले, "तू जरा मारतेस का?" मी जात्यावर बसणारी बाई, मला त्याचं काय? मी पाय मारायचा, ह्यांनी कापायचं हत्यार चालवायचं, असं सुरू झालं. त्या घरात नवराबायकोने समोरासमोर बोलत बसण्याची रीत नव्हती. सासूबाई माजघरात असत. पण लेथ चालू झाला की त्याच्या आवाजात आमचं बोलणं कोणाला ऐकू जात नसे. माझा संसार खरा त्या आवाजात झाला, असं म्हटलं तरी चालेल.

आणि चावीचा नियम तेव्हाचाच. काम, म्हणजे कापायची वस्तू, पकडायचं ते चक तीन जबड्यांचं असतं, आणि जबडे आवळायला ही चावी. आवळून झाल्यावर चावी तिथेच विसरली आणि चाकाला वेग दिला, तर ती गोळीसारखी सुटते, कपाळात बसली तर माणूस जायचा. म्हणून ह्यांनी ठरवलं की जिचा पाय फळीवर, तिच्याजवळ चावी. आवळून झालं की चावी माझ्या हातात द्यायची, मी ती कनवटीला लावायची, हे विचारणार, "चावी?" मी म्हणणार, "आहे." मगच पाय मारायचा. इतक्या वर्षांत एकदाही चुकलो नाही. सणावारी, पाहुण्यांकडे, देवळातसुद्धा मी चावी नेलेली आहे, कारण काढून ठेवायचं लक्षातच येत नसे.

हळूहळू मी हत्यारालाही हात लावू लागले. घरी यंत्र ठेवणाऱ्या हौशी लोकांना उपयोग होईल म्हणून सांगते, कारण हे आम्ही पितळ वाया घालवून शिकलो. हत्यार फार पुढे काढू नये, जितकं बाहेर तितकं थरथरतं. त्याची धार कामाच्या बरोबर मध्याच्या उंचीला आली पाहिजे. खाली टेकण द्यायला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून ठेवावा, त्याच्यासारखं काही नाही. गुळगुळीत केलेली वस्तू पुन्हा जबड्यात धरायची तर मधे तांब्याची पातळ पट्टी घालावी, म्हणजे दातांचे वण उठत नाहीत. लांब काम एकाच टोकाला धरून कापू नये, दुसऱ्या टोकाला आधार द्यावा आणि तिथे तेलाचा थेंब सोडावा. आणि यंत्र किंचाळायला लागलं की जोर करू नये. कुठेतरी काहीतरी सैल आहे, एवढंच ते सांगत असतं.

ह्यांना वाफेवर चालणारी लहानशी बोट करायची होती. इंजिनासाठी पातळ पितळी कडी लागत होती, आतून अगदी गोल. तिथे सगळं अडलं. कडी जबड्यांत आवळून आतून कोरली की दिसायला गोल दिसे, पण जबडे सैल केले की तिला तीन कोपरे येत. पातळ वस्तू आवळली की दबते, दबलेली असतानाच आपण ती गोल करतो, आणि सोडली की ती आपल्या मूळच्या अंगावर जाते. ह्यांनी सैल धरून बघितली, ती उडून कौलाला लागली. घट्ट धरून बघितली, पुन्हा तीन कोपरे. चिडून हे दोन दिवस पडवीत गेले नाहीत.

माझे वडील सोनार. ह्यांच्या घराण्यातही पूर्वी तोच धंदा, पण आजोबांनी सोडला तेव्हापासून कोणी हत्यारांच्या पेटीला हात लावला नव्हता. माझं लहानपण दुकानात गेलं. नाजूक दागिना सोनार चिमट्यात आवळत नाही, लाखेवर बसवतो. लाखेत विटेची वस्त्रगाळ पूड घालायची, ऊब द्यायची, दागिना बसवायचा. लाख निवाली की तो हलत नाही, आणि त्याला कोणी दाबलेलंही नसतं. मी भीत भीत म्हटलं, "आपण कडी लाखेवर बसवून बघायची का?"

"लेथवर? लाख?"

"दागिन्यावर तर हातोडी चालते."

हे म्हणाले, "आण तुझ्या वडिलांकडून."

लाख आली. जबड्यांत पितळेची जाड चकती धरली, ती गरम करून तिच्यावर लाख लावली, कडी टेकवली, आणि लाख मऊ आहे तोवर हळूहळू पाय मारत लाकडी काठीने ढकलत कडी मध्यावर आणली. निवल्यावर बेताबेताने कोरली. शेवटी ऊब देऊन सोडवली… गोल! ह्यांनी ती डोळ्याला लावली आणि कडीतून माझ्याकडे बघितलं. असं ह्यांनी माझ्याकडे त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

ती बोट गावातल्या वडाळे तळ्यात सोडली तेव्हा काठावर कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मासळीवाली बायजा ओरडली, "आप्पा, ही कुठं चालली, उरणला काय?" हे म्हणाले, "आधी पलीकडे तर पोचू दे!" बोट फुरफुरत पलीकडे पोचली. घरी येताना वाटेत हे आपण होऊन म्हणाले, "माझ्यामागे लेथ तुझा. आणि मी असेपर्यंतही, तुला विचारल्याशिवाय त्याचा एक बोल्ट हलणार नाही." मी मागितलं नव्हतं. आम्हाला मूल नाही. मला काही देण्यासारखं ह्यांच्याजवळ तेवढंच आहे, असं ह्यांना वाटलं असेल, असं मी तेव्हा समजले.

पुढे दामले मास्तर येऊ लागले. सज्जन माणूस. एका शाळेत मुलांना हातकामाचा नवा वर्ग काढायचा म्हणून धडपडत होते. ते आले की मी चहा ठेवून आत जाई, कारण परक्यांसमोर पाय मारणं बरं दिसत नाही. हे त्यांना लाखेवरचं काम दाखवीत. आतून मला ऐकू येई, "वा आप्पा, हे कसं सुचलं?" ह्यांचं उत्तर ऐकायला मी कप विसळायची थांबत असे. हे म्हणत, "सुचलं खरं."

मग मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला आपटे गावी गेले. तिकडे असताना कनवटीला चावी होतीच. बहीण म्हणाली, "अगं, हे काय घेऊन हिंडतेस? भुतं पळवायला?" परत आले ती भर दुपार. मोटारीतून उतरून, बोचकं कमरेवर घेऊन मागच्या दाराने शिरले आणि पडवीत उभी राहिले. पडवी मोकळी होती. जमिनीत बोल्टांची भोकं, तेलाचा काळा डाग, फटीत अडकलेला पितळेचा कीस. भिंतीला माझा पाट उभा करून ठेवला होता, मी लेथपाशी बसायची तो.

हे बाहेरून आले. बाळंतीण कशी आहे, मुलगा की मुलगी, काही नाही. म्हणाले, "चावी?"

मी म्हणाले, "आहे."

इतकी वर्षं त्या दोन शब्दांनंतर चाक सुरू व्हायचं. त्या दुपारी काही सुरू झालं नाही.

"शाळेला दिला," हे म्हणाले. "माझ्या बाबांच्या नावाची पाटी लावली त्यावर. चांगला समारंभ केला त्यांनी, तू हवी होतीस. चक बसवलंय, पण चावीशिवाय मास्तरांचं अडलंय. दे, पोचवून येतो."

"मला विचारलं नाहीत."

"अगं, तिथे पोरं शिकतील. इथे काय, आपण दोघंच. आणि माझ्या मागे तू एकटी बाई काय करणार होतीस त्याचं?"

मी बोचकं खाली ठेवलं. "चावी मी देणार नाही," म्हणाले. लग्न झाल्यापासून ह्यांना मी म्हटलेलं तेवढं एकच 'नाही'. हे आल्या पावली निघून गेले. पुन्हा त्यांनी चावी मागितली नाही, आणि लेथचा शब्द आमच्यात निघाला नाही. बाकीचा संसार नीट चालला. भाकरी करपली नाही, सण चुकला नाही. फक्त आता कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलायला लेथचा आवाज उरला नव्हता.

परवा दामले मास्तर भेटायला आले. डोळे पुसत म्हणाले, "आप्पांची लाखेची युक्ती आमची सगळी मुलं शिकतात हो वहिनी. आप्पांची युक्ती असंच नाव पडलंय. किती डोकं चालवलं असेल त्यांनी!" मी मान हलवली. मग म्हणाले, "चावी काही सापडली नाही ना? आप्पा म्हणाले होते, भंगारात गेली. आम्ही दुसरी करून घेतली." चावी त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर लटकत होती. ते पुढे म्हणाले, "एकच अडचण आहे. आप्पांचं काम लाखेवरून कधी सुटत नसे. आमचं मधेच सुटतं. परवा एका मुलाच्या कानाजवळून गेलं."

मी आतल्या दाराशी होते. गप्प बसता आलं असतं. पण कानाजवळून गेलं म्हणाले, ते मला ऐकवलं नाही.

"नुसती लाख गरम करू नका," मी म्हणाले. "थंड पितळाला लाख वरवर चिकटते. दोन्ही पितळं गरम हवीत. आणि टेकायची बाजू कानशीने खरबरीत करा, तेलाचा हात लावू नका. कापताना पाणी मारत राहा, काम तापलं की लाख सुटणारच."

मास्तर माझ्याकडे वळून बघायला लागले. त्यांचा चेहरा उजळला. "बघा!" ते म्हणाले. "आप्पांनी तुम्हालासुद्धा किती नीट सांगून ठेवलं होतं!"

मी चहा आणायला उठले.

ते गेल्यावर ह्यांचे कपडे आवरायला घेतले. हे चांगले उंच होते. ह्या घरातली खुंटी, आरसा, फडताळ, सगळं ह्यांच्या उंचीला. जन्मभर मी पाटावर चढून वस्तू काढल्या. कोट काढायला तो पडवीतला पाट घेतला, चढले, उतरले. आणि उतरताना दाराजवळच्या खिळ्यावरच्या चावीवर हात पडला, न बघता, सरळ खांद्याशी. तो खिळा मी मारलेला नाही. चावी द्यायला नाही म्हटल्यावर मी ती चुलीजवळच्या कोनाड्यात टाकली होती. एकदा विहिरीवरून आले तर हा खिळा मारलेला होता आणि त्यावर चावी. घरातला एवढाच खिळा माझ्या उंचीला आहे. मारताना ह्यांना वाकावं लागलं असणार.

म्हणजे लेथ कोणाचा होता, ते ह्यांना ठाऊक होतं. मास्तरांना पाटी लावू देताना ठाऊक होतं, "सुचलं खरं" म्हणतानाही ठाऊक होतं. येणाऱ्या बायका म्हणतात, खिळ्यावरची ती गंजकी चावी काढून टाका, काय उपयोग तिचा. मी तिला खोबरेल लावून पुसून ठेवते.

ह्यांना काहीच कळलं नव्हतं, असं असतं तर मी केव्हाच विसरले असते.